भोपळ्याची सकाळ

३ मार्च, सकाळी ११
ही जाऊन चार महिने झाले. आज पहिल्यांदा गच्चीवर गेलो. हिचा भोपळ्याचा वेल जिवंत आहे. यंदा तो मीच सांभाळणार. तीस वर्षं शाळेत परागण शिकवलंय. नरफुलातले परागकण ब्रशने मादीफुलाच्या कुक्षीवर टेकवले की झालं. डाव्या हातचा मळ.

५ मार्च, ११.३०
फुलं मिटलेली होती. पाकळ्या उघडून ब्रश फिरवला. शास्त्र पाकळ्यांवर अडत नाही.

९ मार्च
चारही मादीफुलं त्यांच्या बुडाच्या चिमुकल्या भोपळ्यांसकट पिवळी पडून गळाली. ऊन फार. मुलीला फोनवर समजावलं: परागकण कुक्षीवर रुजतो, त्याची नळी खाली बीजांडापर्यंत उतरते, फलन होतं, मगच फळ धरतं. ती म्हणाली, हे मला पाठ आहे, भोपळा कुठाय? मुलांना धीर नाही.

१३ मार्च
पहाटे झोपेत गच्चीच्या कडीचा आवाज. वारा असणार. वर गेलो तर दोन मादीफुलं तोंडाशी निळ्या दोऱ्याने बांधलेली. गाठ हिची. मी विज्ञानाचा माणूस. कुणाला सांगितलं नाही.

१४ मार्च
साडेपाचचा गजर लावला होता. नऊला उठलो. घड्याळ बिघडलंय.

१९ मार्च
दोन्ही भोपळे धरले! लिंबाएवढे झालेत. मुलीला सांगितलं, माझा ब्रश. दुपारी चहा टाकला आणि दोन कपांत गाळला. दुसरा निवेपर्यंत समोर बसून राहिलो.

२२ मार्च, सकाळी ६.४०
डोळाच लागला नाही, म्हणून सहालाच वर गेलो. वेलाशी कुणीतरी वाकलेलं. मी हिला हाक मारली.
खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई निघाल्या. हातात पाकळ्या काढलेलं नरफूल. दचकल्या. मग म्हणाल्या, "वहिनींनी आजारपणात सगळं शिकवून ठेवलं होतं. म्हणाल्या, फुलं सहाला उमलतात नि हे नऊला, तेवढं बघा." परागण झालेलं फूल बांधायचा दोराही त्यांचाच, गाठही हिने शिकवलेली.
मी म्हणालो, उद्यापासून तुम्ही त्रास घेऊ नका, मी आहे.

२३ मार्च, ९.५०
आत्ता उठलो. तीन मादीफुलं उमलून मिटून गेलेली. खाली जाऊन बाईंना म्हटलं, उद्या याच, फक्त मला हाक मारा. त्यांनी विचारलं, "उठाल ना?"
हो म्हणालो. हिलाही रोज हेच म्हणायचो.