शालूचा डावा हात

प्रिय शालू,

नवघर ते गोडदेव दहा मिनिटांची वाट, आणि ही बाई पत्र लिहितेय, म्हणजे ठार वेडी झाली असं म्हणशील. म्हण बाई. आठ महिने तू बोलत नाहीस, त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बागेतला आपला सकाळचा व्यायाम चालू आहे. माझ्या शेजारच्या सान्वीच्या आईचंही तुझ्यासारखंच स्तनाचं ऑपरेशन झालंय, तीही येते. पहिला महिनाभर तिच्या हातात मी काहीच दिलं नाही. नुसते खांदे फिरवायचे, भिंतीवर बोटं चढवायची. मग अर्ध्या किलोचं वजन. दर आठवड्याला टेपने दंड मोजते, जड वाटलं म्हणाली की तिथेच थांबवते. हे सगळं मी फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडून शिकले, पण तुझा डावा हात सुजल्यावर.

तुला मी सरळ दोन-दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या दिल्या, बाकीच्या बायकांसारख्याच. रेडिएशन संपून दोन महिनेही झाले नव्हते. तू म्हणालीस, हात जड झालाय, आता न्हाय व्हायचं. आणि मी शहाणी सगळ्यांसमोर हसले, की अगं कोळीण ना तू, म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन अख्खं नवघर फिरायचीस, आणि बाटलीला घाबरतेस? झालं! इरेला पेटून तू आणखी वीस वेळा हात उचललास. मला वाटलं, मी तुला धीर देतेय.

पण खरी लाज वेगळीच आहे. दवाखान्यात मॅडमनी विचारलं, हात जड झाला तरी कोणी करायला लावलं? धाकूभावजी शेजारीच उभे होते. मी म्हणाले, तीच ऐकत नव्हती. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. त्या दिवसापासून भावजी बायको हट्टी आहे म्हणतात, तुला पाटीला हात लावू देत नाहीत, आणि बाजारातल्या तुझ्या जागेवर तुझी जाऊ बसते.

आज सकाळी भावजींना गाठून खरं काय ते सांगितलं. म्हणाले, मला काय सांगता, तिला सांगा. तुझ्या दारापर्यंत आले गं, कडी वाजवायची हिंमत झाली नाही. मॅडम म्हणतात, मोजूनमापून, हळूहळू वाढवलं तर तुला परत बाजारात बसता येईल. माझं तोंड बघायचं नसेल तर त्यांच्याकडे जा, पण जा. खोटं मी बोलले होते, शालू. तू का गप्प राहिलीस?

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
सुगंधा