मालव मखमल

विजय नगर, इंदूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस पमीचा नमस्कार,

पोचलीस ना नीट? बसमध्ये जागा मिळाली की महूपर्यंत उभीच गेलीस? यशोधन सोडतो म्हणत होता, तर तुझा आपला हट्ट. फोन करून विचारावं तर कानाचं मशीन लावूनही तुला नुसती शिट्टी ऐकू येते, आणि मोबाइलच्या स्क्रीनने डोळे चुरचुरतात म्हणून तू त्याला शिवत नाहीस. तेव्हा आपली ही पत्रंच बरी.

हळदीकुंकू छान झालं असं सगळ्या म्हणतात. भावजी गेल्यापासून तुला कुणी बोलावलं नव्हतं आणि यंदा मी बोलावलं, म्हणून आमच्या आत्याबाईंनी तोंड वाकडं केलंच. मी म्हटलं, माझं घर, माझी बहीण, तुम्ही पोहे घ्या अजून. तुला कुंकू लावलं, तोवर मी धीट होते. पण वाण घ्यायला तू पदर पुढे केलास ना, ते मात्र मला बघवलं नाही. चहाचं बघते म्हणून आत गेले ती त्यासाठी.

आणि वाण तरी कसलं दिलं! स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे घेऊन घेऊन बायका कंटाळल्यात गं. यशोधनच म्हणाला, आई, ह्या वर्षी माझी रोपं लूट. सोसायटीच्या बायका, भिशीच्या बायका, सगळ्यांच्या हातात एकेक कुंडी. नीचेवाली संहिता तर म्हणाली, आंटी, हे तर एकदम सॉफ्ट टॉयसारखं आहे!

तू विचारत होतीस, त्याने नेमकं काय केलं. मला कळलंय तेवढं सांगते. ह्याचं कूळ आपल्या कुंपणाच्या थुअरचंच, त्या चिकाच्या निवडुंगाचंच. एक जात ठेंगणी, गुबगुबीत, पण काट्यांची. दुसरी बिनकाट्याची, पण दिसायला अगदीच काडीपैलवान. हा बेटम्याच्या पॉलीहाउसमध्ये बसून एकीच्या फुलातला पराग ब्रशने दुसरीला लावणार. बोंड पिकलं की फट्‌ करून फुटतं आणि बी कुठल्या कुठे उडतं, म्हणून प्रत्येक बोंडाला पुरचुंडी बांधायची. माझी जुनी व्हॉइलची साडी त्यातच गेली. त्याने नोकरी सोडल्यापासून हेच. शेकडो रोपं उकिरड्यावर फेकली आणि हे एक ठेवलं, नाव दिलं मालव मखमल. काटा नाही, आपल्या बोटांएवढ्या फांद्या, शेंड्याला केशरी रंग. आणि थुअर मोडला की कसा पांढरा चीक गळतो? ह्याला तोही नाही, नुसतं पाण्यासारखं काहीतरी येतं. त्याने निवडलं तेच त्यासाठी. म्हणतो, बघणारा हात लावणारच, तेव्हा हात लावण्यासारखंच रोप हवं.

रंगपंचमीनंतर पुण्याचे बाळकृष्णजी येणार आहेत, मोठे नर्सरीवाले. त्यांनी हो म्हटलं की मखमल देशभर जाईल. पोराचं नाव होईल गं. लोक मला विचारायचे, क्या करता है आपका लड़का? आणि मी विषय बदलायचे. आता नाही बदलणार.

बाकी ठीक. यशोधनचा डावा डोळा जरा लाल आहे. धुळीचं काम, दुसरं काय.

तुझी,
पमी


इंदूर
२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. मखमल तू देवघराशेजारच्या खिडकीत ठेवलंस, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतेस, बोट फिरवतेस आणि मग पूजेला बसतेस, हे वाचून बरं वाटलं.

पण पुसू नकोस गं. ह्या रोपांना पुसायचं नसतं. आठवड्यातून एकदा पाणी घातलं की बस. खरं तर त्याला गॅलरीतलं ऊनच मानवेल, जरा लांब, कठड्यापाशी ठेव. आणि हात धूत जा. तू धुतेसच म्हणा. तरी साबणाने धूत जा.

यशोधनच्या डोळ्याला पट्टी आहे. फवारणीचं औषध उडालं म्हणतो. चष्मा लावून फवारायला काय धाड भरली होती, मी म्हटलं. तर चिडला. आजकाल चटकन चिडतो. परवा ताटावर बसला होता, खिडकीतून ऊन आलं तर ओरडलाच, परदा लगाओ! मग स्वतःच उठून सॉरी म्हणाला.

संहिताचाही डोळा आलाय. एसीने होतं असं तिचा नवरा म्हणतो. भिशीला एक-दोघी गॉगल लावून आल्या होत्या, आम्ही खूप चिडवलं त्यांना, क्या भिया, हिरोइन बन गई! साथ आहे म्हणतात. असेल. साथीचे दिवस आहेतच.

तुझे डोळे कसे आहेत? सहजच विचारते. तू ते भरतकाम अजून करतेस का? संध्याकाळचं करत जाऊ नकोस.

पमी


१० मार्च

ताई,

आज फालतू बातम्या देत नाही, एक काम सांगते. ते मखमलचं रोप मला परत दे. यशोधनच्या पॉलीहाउसमध्ये कीड पडली आहे, आणि दिलेल्या सगळ्याच कुंड्यांमध्ये ती असू शकते. तुला दुसरं काहीतरी छान आणून देईन, तुळस म्हण, मोगरा म्हण. खाली तुझी भाडेकरू मधुरिमा आहे ना, तिला कुंडी उचलायला सांग, हातात पिशवी घालून. तू उचलू नकोस. खालच्या जिन्यात ठेवायला सांग, मी माणूस पाठवते.

होळी जवळ आली, घरात गडबड आहे. गुजिये करायचे आहेत, पण मन लागत नाही.

हे पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर टाक.

पमी


२० मार्च, सकाळ

ताई गं,

तुझं उत्तर काल आलं, ऐन रंगपंचमीच्या दिवशी. खाली सगळी सोसायटी रंगात न्हात होती आणि मी जिन्यात उभी राहून वाचत होते. तू लिहिलंस, वाण परत मागतात का कधी, पमे? लिहिलंस की इतक्या वर्षांनी कुणीतरी तुझ्या पदरात काही घातलं, आता कीड लागो नाहीतर वाळवी, ते तुझ्या घरातून हलणार नाही. आत्याबाईंनीच माझे कान भरले असतील, असंही लिहिलंस. तुला तसं वाटलं ह्याचं मला काही नवल नाही. मी कारणच असं खोटं दिलं होतं.

कीड नाही, ताई. कीड कधीच नव्हती.

ते पाणी आहे ना, पाण्यासारखं जे येतं, तो चीकच आहे. नुसता दिसत नाही. साल इतकी नाजूक आहे की नख लागलं, फडकं घासलं, तरी तेवढ्याने सुटतो. हाताला काहीच कळत नाही, ना चिकट लागतं, ना आग होते. मग माणूस कामाला लागतो, कधीतरी डोळा चोळतो, आणि कित्येक तासांनी डोळ्यात आग पेटते. तोवर रोप कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. कुणी एसीला दोष देतं, कुणी धुळीला.

थुअरचा पांढरा चीक दिसतो म्हणून तर आपण लहानपणी त्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हतो. यशोधनने तो पांढरेपणा तेवढा घालवला. त्याला खरंच वाटलं की चीकच गेला. तपासून घ्यायचं राहिलं असं नाही, तपासायला पाठवणारच होता, पण संक्रांत आली. मीही मागे लागले होते, दे रे, बायका काय खुश होतील. वाण म्हणून दिलं आणि तिथेच घोटाळा झाला. दुकानात विकलं असतं तर बोर्ड लावून परत मागवता आलं असतं. हळदीकुंकवाला दिलेलं कोण परत देणार? मी सोसायटीत दोघींना नुसतं सुचवून पाहिलं, तर एकीने देवाला हात जोडले. म्हणाली, अशुभ मत बोलो आंटी.

मला कळलं ते ह्याच महिन्याच्या सुरुवातीला. संहिताच्या डोळ्याच्या डॉक्टरने तिला विचारलं, घरात कुठली झाडं आहेत? ती हसत हसत मला सांगायला आली आणि मी तशीच उठले. बेटम्याला जाऊन यशोधनला विचारलं. तो रोपांच्या रांगेत पाठमोरा उभा होता. म्हणाला, बाळकृष्णजी येऊन जाऊ देत, आई. प्लीज. मग मी सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, तुझ्या डोळ्याचं काय? तर म्हणाला, माझं झालं ते झालं. त्या डोळ्याने त्याला आता खिडकीची चौकट तेवढी दिसते. बुबुळावर डाग पडलाय, तो जाणार की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत.

माझं पोर आहे, ताई. एक डोळा देऊन बसलंय आणि वर म्हणतंय झालं ते झालं. मी गप्प बसले. गप्प बसले, पण तुझी खिडकी डोळ्यासमोरून हलेना. पुसू नकोस म्हणून लिहिलं होतं तेव्हा मला नुसती शंका होती, आणि ती मी मलाच सांगत नव्हते. आता खात्री झाली, तर कीड पडली म्हणून लिहिलं. खरं लिहिलं असतं तर कागद एखाद्याच्या हाती लागला असता, बोभाटा झाला असता, यशोधनचं सगळं बुडालं असतं. असा हिशेब केला मी. सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांचा असा हिशेब मांडला.

काल संध्याकाळी मधुरिमाचा फोन आला. म्हणाली, आंटीजी, आपकी दीदी की दोनों आँखों से पानी आ रहा है, खोल नहीं पा रही हैं, लगता है आँख में रंग चला गया. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग ध्यानात आलं. रंग कुठून जाणार? तू रंग खेळत नाहीस. भावजी गेल्यापासून रंगपंचमीला तू दारसुद्धा उघडत नाहीस. मधुरिमाला पुन्हा फोन लावला, म्हटलं पाण्याने धुवत राहा, भरपूर पाण्याने, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. तिने नेलं. डॉक्टरने पट्ट्या बांधल्यात, आज सकाळी दहाला सोडणार आहे. सोडल्यावर काय दिसेल ते तेव्हाच कळेल म्हणाला. मग मी तिला कुंडीचं सांगितलं.

त्यानंतर मी पुण्याला बाळकृष्णजींना फोन केला. यशोधन समोरच बसला होता. सगळं सांगितलं. यशोधनने मला अडवलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. मग सोसायटीत दारोदार गेले. अजून मेल्या रंगाचे हात धुतले नव्हते कुणी. काहींनी कुंड्या दिल्या, काहींनी दार लावून घेतलं. आज पुन्हा जायचं होतं. पण आधी तू.

यशोधन खाली गाडी काढतोय. एका डोळ्याने महूपर्यंत चालवू नकोस म्हटलं, ऐकत नाही. म्हणतो, मावशीला मीच सांगणार, माझ्या तोंडाने. मी म्हटलं, कसं सांगशील बाळा? तिला ऐकू येत नाही. तेव्हा तो जिन्यावरच खाली बसला. मी पहिल्यांदा त्याला असा बसलेला बघितला.

म्हणून घाईघाईने हे लिहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, ओळी एकमेकींपासून लांब ठेवल्यात. तुझ्या पट्ट्या सुटतील तेव्हा मी समोर असेन. एक शब्द बोलणार नाही, बोलून उपयोगही नाही. हा कागद तुझ्या हातात देईन. तू चिडलीस तर चीड, फाडून माझ्या तोंडावर फेक, जन्मभर घरात घेऊ नकोस, सगळं चालेल मला. पण त्यासाठी आधी तुला तो वाचता आला पाहिजे. तू कागद उलटसुलट करून नुसता मांडीवर ठेवलास, तर मी काय करू, कुठल्या वाटेने तुझ्यापर्यंत येऊ, मला खरंच सुचत नाही.

वाच गं, ताई. एवढं एक वाच.

तुझी
पमी