न खोडलेला आकडा

कोल्हापूर

तीर्थरूप आईस, निशिगंधाचा नमस्कार.

मंगळवार पेठेतली खोली हवेशीर आहे, जेवणही पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

एम.एस्सी. झेपणार नाही, घरी न्या, असं मी फोनवर रडत म्हणाले होते. काल प्रयोगात माझा आकडा सगळ्यांहून वेगळा आला. "बदल की, कोण बघतंय?" शेजारची अवंतिका म्हणाली. पण डेअरीत दुधाची फॅट मोजताना तू सांगायचीस, "पहिला आकडा खोडायचा न्हाय, पुन्हा मोजायचं." मी तेच केलं, तरी आकडा तोच आला.

मॅडम म्हणाल्या, "चुकलंय, पण लपवलं नाहीस. उद्या लवकर ये, चूक शोधू."

आज सापडली, द्रावण मीच पातळ केलं होतं. रडू आलं नाही.

आप्पांना रविवारी येऊ दे, पण मला न्यायला नाही. माझी राहिलेली पुस्तकं द्यायला.

तुझी लेक,
निशिगंधा