माझ्या आधी पोचणारा

३ फेब्रुवारी, नायगाव

आलो एकदाचा! लातूरहून निघताना मित्रांनी चिडवलं, भुजंग, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस तू, दवाखाने काय जोडणार? जोडणार की. बिघाड कानानं शोधायची सवय आहे. यंत्रं बदलली, कान तेच. कंत्राट साधं आहे: नांदेड-लातूरकडच्या लहानमोठ्या दवाखान्यांचे संगणक एकमेकांना जोडायचे. धर्माबादला रक्त तपासलं की लातूरच्या डॉक्टरला बसल्या जागी दिसलं पाहिजे. पिशवीत चुरगळलेले एक्सरे घेऊन फिरायचे दिवस संपले.

खोली धोंडाबाईंकडे मिळाली. एकट्याच राहतात. जीभ अशी की धर्माबादच्या मिरचीनं लाजावं. पेटी खाली ठेवायच्या आत ऐकवलं, पाणी सकाळीच भरायचं आन् घोरायचं न्हाई. म्हटलं, घोरतो की नाही ते मला कसं कळणार? तर म्हणाल्या, मी कळवीन की, काठीनं.

५ फेब्रुवारी

डॉ. पंचाक्षरींच्या दवाखान्यातून सुरुवात केली. धोंडाबाईंचंही नाव नोंदवलं. त्यांच्याकडे फोन नाही, म्हणून नंबर माझाच दिला. इथं असंच चालतं. एका फोनवर अर्धी गल्ली. त्यांनी विचारलं, माझं दुखणं लातूरला कळून काय उपेग? तिथं कोण बसलंय माझं? लई हसलो.

बाकावर चहा पिताना मागून खोकला ऐकू आला. कोरडा, आणि शेवटी बारीक शिटी. फीत अडकली की टेप वाजतो तशी. वळलो. मागे भिंत होती.

८ फेब्रुवारी

आज गंमत झाली. व्यंकटी नावाचा शेतकरी गुडघा दाखवायला आला. डॉक्टरांनी संगणकावर त्याचं पान उघडलं, तर हा गडी काल धर्माबादला छाती दाखवून आलेला! व्यंकटी उखडलाच. म्हणे, काल मी रानात हळद शिजवून राहिलो होतो, सारं गाव साक्षीला हाय. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, भुजंगराव, तुमचं जोडकाम जोरात दिसतंय, पेशंट घरून निघायच्या आधीच पोचतोय. सगळे हसले. मीही.

मग धर्माबादला फोन लावला. तिथल्या सिस्टर बुद्धप्रिया ठाम होत्या. माणूस आला होता, नाव-गाव बरोबर सांगितलं होतं. चेहरा विचारला, तर आठवेना. खोकला तेवढा आठवतो म्हणाल्या. शेवटी शिटी वाजणारा.

माझं हसू तिथंच राहिलं.

११ फेब्रुवारी

परवा व्यंकटीच्या पानावर नवी ओळ उमटली: लातूरला दाखल. आणि परवाच व्यंकटीनं स्वतःच्या घरात अंथरूण धरलं. ती ओळ मी पुसली. जेवून आलो तर परत जागेवर. काल दुपारी तिच्याखाली आलं: मयत. काल दुपारीच, अंगणात, चहाची बशी हातात असताना, व्यंकटी गेला.

कंपनीच्या साहेबांना कळवलं. म्हणाले, सारख्या नावांचा घोळ असेल. विचारलं, मरणाची वेळही सारखी? त्यांनी फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

फोनवर संदेश आला. धोंडाबाई, धर्माबाद, छातीची तपासणी पूर्ण.

धोंडाबाई माझ्यासमोर तुरीची डाळ निवडत बसल्या आहेत. उंबरासुद्धा ओलांडलेला नाही. पण सकाळपासून एक शिवी नाही. आवाज पातळ झालाय, रेडिओवर लांबचं स्टेशन लागावं तसा.

पान पुसलं. परत आलं. पुसलं — परत. मोकळी जागा दिसली की तो खोकणारा ती भरतो. मग मोकळी ठेवायचीच कशाला?

मला बाप नव्हता, नावाचीही पंचाईत. ए पोऱ्या, एवढंच ऐकत मोठा झालो. दुकान टाकलं तेव्हा पाटी स्वतः रंगवली. भुजंग. अक्षरं वाकडी आली, पण माझी. हे नाव कमावलेलं आहे. आयत्या नावांवर जगणाऱ्या, हे पाहिजे तुला? ये. पेलून दाखव.

धोंडाबाईंचं नाव पुसून त्या ओळीत लगेच माझं नाव घातलं.

१३ फेब्रुवारी

काठी आपटली दारावर. रात्रभर घोरलास मुडद्या, म्हणाल्या. इतकं गोड कधी काही ऐकलं नव्हतं.

शिटी आता माझ्या छातीत आहे. बारीक.

पुढचा मुक्काम लातूर, मला ठाऊक आहे. आजवर तो आधी पोचत आला. उद्या मी त्याच्या जागेवर बसणार. बघू कोण उठवतो.

१४ फेब्रुवारी, लातूर

भर दुपार. वॉर्डात माणसंच माणसं. सिस्टर म्हणाल्या, अहो भुजंगराव, आत्ताच तर दाखल झालात, एक्सरे इतक्यात झाला पण? कॉट दाखवली. गादी गार. कुणी निजल्याची खूण नाही. बसलो.

नायगावहून डॉ. पंचाक्षरींच्या फोनवरून धोंडाबाई बोलल्या. आवाज खणखणीत. भाकरी थापून ठेवते, आला न्हाईस तर कुत्र्याला घालीन. येतो म्हटलं. येणार.

खोकला. वऱ्हांड्यात — 

लोक बाजूला होऊन वाट देताहेत —

दारात. चपला माझ्यासारख्या. शर्ट माझा. चेहरा — बघतोय, पण डोळ्यांत राहत नाही —

सिस्टर त्याला विचारताहेत, भुजंगराव, तुमच्या कॉटवर हे कोण बसलंय?

मी. मी बसलोय. सांगितलं ओरडून. कुणी वळलं नाही —

जवळ आला. मी कान देऊन ऐकतोय. त्याच्या छातीत ठोका नाही. नुसती फीत फिरतेय, कोरी —

माझा ठोका आहे. ऐक. ऐक ना, आयत्या —

हात पुढे केलाय. वही सोडत नाही. कॉट सोडत नाही. अक्षर वाकडं येतंय पण माझं आहे. लिहून ठेवतो, माझं नाव भु—