कोपरा फाटलेलं कार्ड

ऑल्डरशॉट, १२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वनमाला आत्यास,
दिपालीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं अक्षर पाहिलं की अजूनही आधी हात धुवावेसे वाटतात. तिसरीच्या वर्गात तू आमची नखं तपासायचीस, त्याची ही सवय. मी ठणठणीत आहे. थंडी कडाक्याची आहे, पण तू विणलेली कानटोपी घालून ड्यूटीला जाते आणि दवाखान्यातल्या बायका ती विकत मागतात.

फोनवर आपण बोलतोच, पण तू म्हणतेस तेच खरं. माझा आवाज कानावर पडला की दादा उठून गोठ्यात जातात. कागद मात्र घरात पडून राहतो. म्हणून हे पत्र, आणि सोबत चार चित्रांची कार्डं. हे गाव म्हणजे इंग्रजांची मोठी छावणी. शंभर वर्षांपूर्वी इथले शिपाई अशी कार्डं घरी पाठवायचे. आता ती रविवारच्या जुन्या बाजारात पेट्या भरभरून मिळतात. एकात जवान बटाटे सोलत बसलेत, एकात खाटेवर किट मांडून उभे आहेत, एकात बँड चाललाय, एकात खेचरांना पाणी दाखवतायत. दादांनी चोवीस वर्षं फौजेत हेच केलं.

मिलिटरी नर्सिंगमध्ये निवड झालेली असताना मी इकडं आले, हे त्यांना बाप म्हणून लागलं. मला कळतं. पण माझं मी ठरवलं आणि ते चुकलं नाही. चार वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. तेवढी ओळ मला हवी आहे, बाकी सगळं माझ्याकडं आहे. कार्डं त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेव आणि काही बोलू नकोस.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी दिपाली


चकलांबा, ६ फेब्रुवारी २०२५

चि. दिपालीस,
वनमाला आत्याचे अनेक आशीर्वाद.

कार्डं सांगितल्या जागी ठेवली. दोन दिवस तुझ्या बापानं डबीच उचलली नाही, बिनचष्म्याचा हिंडला आणि एकदा गुळाऐवजी साबणाला हात घातला. तिसऱ्या दिवशी कार्डं हललेली होती. किटच्या कार्डावर पेन्सिलीची बारीक फुली आहे. का, ते मला नाही सांगितलं. शेजारच्या सुंदरबाईला सांगितलं, की ह्या गड्याला ब्लँकेटची घडी येत न्हाई, आमच्या सुभेदारानं ह्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या. कार्ड कुणी पाठवलं असं तिनं विचारलं, तर म्हणाला, डाकवाल्यानं आणलं.

तुझी आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच, आणि हा माझा धाकटा भाऊ असला तरी हट्टाला थोरला. पण घोडं हललंय. पाकिटावर माझं नाव असतं, म्हणून हात लावायला त्याला कमीपणा वाटतो. पुढचं कार्ड उघडंच टाक, त्याच्या नावानं. डाकवाला हातात देईल, मग कुठं पळेल? चाळीस वर्षं पोरं हाकलीत शाळा चालवली आहे मी, माझं ऐक.

हरभरा काढणीला आलाय. जेवत जा. इकडची आठवण ठेवीत जावी.
तुझी आत्या


ऑल्डरशॉट, २३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादांस सा. न.

चित्रातला मिशाळ हवालदार पंगतीवर नजर ठेवून अगदी तुमच्यासारखा उभा आहे. भाजीत मीठ कमी पडलंय, हे त्याच्या तोंडावरून दिसतं. मी खुशाल आहे. काळजी नसावी.
दिपाली


चकलांबा, १४ मार्च २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कार्डाचा उजवा कोपरा फाटलेला होता. कुणाच्या आल्बममध्ये डिंकानं चिकटवलेलं असेल आणि काढताना कोपरा तिथंच राहिला असेल. तुला त्यात काही वाटलं नाही, कारण आपल्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं, हे तुला कुणी सांगितलंच नाही. माणूस गेल्याचं पत्र तसं पाठवायचे. ते उंबऱ्याच्या आत घेत नसत. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. मोबाइल आले आणि तसली कार्डं बंद झाली, पण आमच्या वयाची माणसं विसरलेली नाहीत.

परवा, होळीच्या आदल्या दिवशी, मी दात दाखवायला गेवराईला गेले होते. तुझा बाप आश्रुबा शेतात. डाकवाल्यानं कार्ड सुंदरबाईच्या हातात दिलं. तिला अक्षर येत नाही, पण कोपरा येतो. परदेशाचं तिकीट आणि फाटका कोपरा बघून ती अंगणातच बसली आणि दिपाली गेली म्हणून तिनं गळा काढला. तुझा बाप येईपर्यंत वीस माणसं जमली होती.

त्यानं कार्ड उभ्यानंच वाचलं. लोकांनी सांगितलं, की पोरीचंच अक्षर हाय, खुशाल लिवलंय. तर तो म्हणाला, की खुशालीचं मला सांगू नका. त्याचा फौजेतला लिंबागणेशचा जोडीदार बिभीषण तुला फोटोत माहीत आहे. सीमेवर तो गेला, तार आली, तेरावा झाला, आणि मग त्याचं स्वतःचं, आधी टाकलेलं पत्र आलं की मी खुशाल आहे. ते पत्र बिभीषणाच्या आईला तुझ्या बापानंच वाचून दाखवलं होतं. त्याला कोण काय समजावणार?

तुझा नंबर त्याच्याकडं नसेल, असं मी धरून चालले होते. त्यानं माझी डायरी न बघता लावला. एकदा नाही, तेवीस वेळा. तू ड्यूटीवर, फोन तुझ्या कपाटात. चार वाजता मी आले आणि म्हटलं, अरे, कार्ड शंभर वर्षांचं, फाटणं पण जुनंच असेल. त्याला पटलं, पण बोट थांबेना. दिवेलागणीला तुझा फोन आला. तू दादा म्हणालीस, तेवढं त्यानं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात गेला. चुकून लागला असं मी तुला सांगितलं. तेवीस वेळा कुणाचा चुकून लागत नाही, पण इतक्या माणसांत तुझ्या बापाचं रडणं मी फोनवर सांगणार नव्हते. उघडं कार्ड टाक म्हणणारी मीच, तेव्हा शहाणपण माझ्याच अंगाशी आलं.

कार्ड अजून घराबाहेर आहे. वळचणीच्या कोनाड्यात, वर दगड ठेवून. त्याला ते फाडवत नाही आणि आत आणवतही नाही.

पुरणपोळीचा पहिला घास तुझ्या नावानं काढला. म्हातारीवरचा लोभ कमी करू नये.
तुझी आत्या


चकलांबा, २ एप्रिल २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

तुझी सगळी कार्डं तपासली. किट मांडणारा गडी कच्चा हाय. बटाटेवाल्यांत डावीकडचा कामचुकार हाय, त्याच्या पुढं साल न्हाई. खेचरवाला चांगला, त्यानं लगाम सैल सोडलाय. तो मिशाळ हवालदार माझ्यासारखा दिसत न्हाई. त्याचं पोट बघ.

मी का बोलत नव्हतो ते कुणालाच सांगितलं न्हाई. तू थेट लेफ्टनंट, म्हंजी अफसर झाली असतीस. मी हवालदार म्हणूनच रिटायर झालो. एक दिवस वेशीपाशी, भर गावात, आपल्या पोरीला कडक सॅल्यूट ठोकायचा एवढं मनात धरलं होतं. ते झालं न्हाई म्हणून तोंड फिरवलं. त्या दिवशी सुंदरबाई अंगणात रडत होती तवा मला सॅल्यूट आठवला न्हाई. नुसती चार वर्षं आठवली. चूक माझी हाय. तू लई लांब गेलीस पण पळून गेली न्हाईस, हे मला उशिरा कळलं.

तुझं सिलेक्शनचं पत्र मी ट्रंकेत जपलं होतं. कागद जाड हाय. काल त्याचा कोपरा कापला आणि खळ लावून तुझ्या कार्डाला बसवला. चांगला बसला. वर हळदकुंकू लावलं. आता कार्ड आख्खं हाय, म्हणून उंबऱ्याच्या आत घेतलं आणि माझ्या नि बिभीषणाच्या फोटोशेजारी लावलं.

हितून पुढं कार्ड टाकताना चारी कोपरे बघत जा. माझा लोभ आधीपण होता, आता लिहून दिलाय. ड्यूटी सुटली की फोन कर. मी गोठ्यात जाणार न्हाई.

तुझे दादा