शोभणारी मुलगी

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी कोथरूडमध्येच, तुमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर राहत होते. शाळेच्या ग्रुपवर बातमी आली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी वाचलं आणि गॅसवरची भाजी हलवायला उठले. भेटायला आले नाही, हातही जोडले नाहीत. त्याला आता बरीच वर्षं झाली. काळ गेला की माणूस विसरतो म्हणतात. मी विसरले नाही, आणि गेल्या महिन्यात जे केलं ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं म्हणून हे लिहितेय.

आठवण करून देते, कारण तुमच्या हाताखालून कितीतरी मुली गेल्या. मी नववीतली, अकोल्याहून आलेली. बाबांना पिरंगुटच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही पुण्यात आलो होतो. वर्गात मी 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की पुढच्या बाकांवर हसू फुटायचं. तुम्ही ते आपोआप थांबेपर्यंत वाट पाहायचात, थांबवायचा मात्र नाहीत. त्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहात कितीतरी दिवस पाणी नव्हतं. मी मधल्या सुट्टीत तिन्ही तुकड्यांतल्या मुली गोळा केल्या आणि आम्ही मुख्याध्यापकांच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिलो. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत, नुसत्या उभ्या. तिसऱ्या दिवशी प्लंबर आला. तुम्ही मला व्हरांड्यात गाठून म्हणालात, "पुढारी झालात वाटतं आपण?" ते 'आपण' मला अजून ऐकू येतं.

मग तुम्हीच तो उपक्रम आणलात. मुलींमध्ये नेतृत्वगुण वाढावेत म्हणून विद्यार्थिनी प्रमुख निवडायची, तीही चिठ्ठ्या टाकून. प्रयोगशाळेच्या फळ्यावर तुम्ही स्वतः खडूनं एकेका मतासाठी रेघ ओढत होतात. माझ्या नावापुढे जागा पुरेना, तेव्हा तुम्ही खालच्या ओळीत गेलात. मुलींनी बाकं बडवली. घरी जाताना मी जवळजवळ पळतच होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावता. बाकी कुणी नाही. तुम्ही वह्या तपासताय, मान वर करत नाही.

"निवडून आलीस, अभिनंदन. पण निवडून येणं वेगळं आणि शोभणं वेगळं."

"म्हणजे काय, बाई?"

"पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर खोलीचं उद्घाटन आहे. पाहुणे मोठ्या कंपनीतले आहेत. त्यांच्यापुढे 'शाळा प्रगती करून राहिली' म्हणणारी मुलगी मी उभी करू? हसं तुझंच होईल."

आणि एक कोरा कागद माझ्याकडे सरकवता. "लिही. घरगुती अडचणीमुळे मी हे पद स्वीकारू शकत नाही. 'स्वीकारू'मधला रू दीर्घ."

घरी आई भाकरी थापत होती. मी सांगितलं तसा तिचा हात थांबला. "काहून वं? काय अडचण हाय आपल्या घरात?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून शाळेत यायला निघाली. मी दारात आडवी झाले. तू तिथे बोलू नकोस, असं मी तिला म्हटलं. माझ्या आईला मी असं म्हटलं, बाई. ती साडी बदलून परत चुलीपाशी बसली आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

शाळेत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं एवढंच विचारलं, "आम्ही तुला मतं दिली आणि तू पळालीस?" तिनं दप्तर उचललं आणि जागा बदलली. पद गेल्याचं दुःख मी कधीच गिळलं. पण त्या मुलींच्या लेखी मी पळपुटी ठरले आणि खरं काय ते त्यांना सांगायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत, कारण अक्षर माझं, सही माझी. एवढं करून तुमचं पोट भरलं नाही. नव्या प्रमुखाचं भाषण तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलंत. "तुझं लेखन छान आहे, बोलणंच तेवढं..." कॉम्प्युटर खोलीबाहेर आमच्या चपलांच्या रांगेशी मी उभी होते. आत ती मुलगी माझी वाक्यं गोड आवाजात म्हणत होती. पाहुण्यांनी विचारलं, भाषण कुणी लिहून दिलं? तुम्ही हसून म्हणालात, "आमच्या मुली स्वतःच लिहितात."

मग मी आरशापुढे उभी राहून ळ घोटवला. आज हिंजवडीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत आणि मी कुठली हे त्यांतल्या एकालाही ओळखता येत नाही. आई फोनवर म्हणते, "तू अशी बोलतं जशी ब्यांकेतली बाई." हे तुमचं काम. चोख झालंय.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीतर्फे शाळांमधून विद्यार्थी नेतृत्वाची शिबिरं झाली, त्यात आपली शाळाही होती. आताच्या मुख्याध्यापिका उत्साहानं म्हणाल्या, "तुम्ही तर आमच्याच. समारोपाला करंडक तुमच्या हस्ते देऊ." उत्कृष्ट नेतृत्वाचा करंडक, तुमच्या नावाचा, तुमच्या मुलीनं ठेवलेला. नाही म्हणता आलं असतं. मी लगेच हो म्हटलं आणि आठ दिवस लग्नघरातल्यासारखी खुशीत होते.

तुमची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. नाक अगदी तुमचं. मी माईक घेतला आणि म्हटलं, "पोरीहो, मी आज माह्या घरच्या भाषेत बोलतो." हसू आलं. मी बोलत राहिले. पाणी, चिठ्ठ्या, फळ्यावरच्या रेघा, तो कागद, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "ज्या बाईच्या नावाचा हा करंडक हाय ना, त्यायनंच मतं मोजली अन् त्यायनंच फेकून देली." तेव्हा कुणी हसलं नाही. मी सगळा वेळ तुमच्या मुलीकडेच पाहत होते. ती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मला दया आली नाही. गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

जिन्यात तिनं मला थांबवलं. "हे तुम्ही आधी मला एकटीला सांगू शकला असतात."

"तुमच्या आईंनीही मला एकटीलाच सांगितलं होतं," मी म्हटलं. "म्हणून तर इतकी वर्षं कुणाला कळलं नाही."

ती खाली गेली. त्या गोंधळात करंडक द्यायचा राहूनच गेला. दहावीतल्या एका मुलीला तो मिळणार होता, तिचे वडील अर्धी रजा टाकून आले होते. नंतर तिला तो वर्गातच दिला म्हणे, टाळ्यांशिवाय. तिचं मला वाईट वाटलं. तुमचं नाही. पुढच्या वर्षीपासून त्यावर तुमचं नाव नसेल. तुमच्या मुलीनंच तसं शाळेला कळवलं.

परवा तिचा निरोप आला. दोनच ओळी: 'जे घडलं ते सविस्तर लिहून द्याल का? मला आईबद्दल सगळं माहीत असायला हवं.' मी तुमच्या नावे लिहून तिलाच द्यायचं ठरवलं होतं. इथपर्यंत झरझर लिहिलं. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण हे कागद मी तिला देणार नाही.

कारण 'सगळं' लिहायचं तर हेही लिहावं लागेल. मी सही केल्यावर तुम्ही चष्मा काढलात आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलंत. "घरी विचार. उद्या दिलंस तरी चालेल," म्हणालात. मी कागद तिथेच तुमच्या वह्यांवर ठेवला आणि निघाले. प्रमुख झालेल्या मुलीला पाहुण्यांपुढे बोलावं लागणार हे निवडणुकीआधीपासून ठाऊक होतं, आणि त्या धास्तीनं चार दिवस मी डबा न उघडताच घरी परत नेत होते. जिना उतरताना मला हायसं वाटलं होतं, बाई.