घारीचा पांढरा डोळा

६ फेब्रुवारी १९९६, मंगळवार

स्पर्धेचा फॉर्म परत आला! फोटो क्लबचे बिंदुमाधव म्हणे, "पक्षी निसर्ग विभागात टाका. पोर्ट्रेट म्हणजे माणूस." का? घारीला चेहरा नसतो? त्यांच्यासमोरच पुन्हा 'पोर्ट्रेट' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. सोळा तारखेला प्रिंट द्यायची. देणारच.

७ फेब्रुवारी

रोल धुतला. बारांतली एकच जमली, पण काय जमलीय! समोरून चेहरा, चोच, कपाळावरचं पीस न् पीस. डावा डोळा पतंगाच्या मांज्यानं गेलेला, सायीसारखा पांढरा. उजवा मात्र खाऊ की गिळू करतोय. बिचारी वगैरे मुळीच नाही ती.

हयवदनअण्णा हसला. "शिवाजीनगरात मटणाच्या दुकानांवर ढीगभर घारी फिरतात. आता कावळ्याच्या लग्नाचा आल्बम कर." करीन! थोरला भाऊ असला तरी अप्पांचा स्टुडिओ काही त्याच्या एकट्याचा नाही.

९ फेब्रुवारी

अप्पांनी माझी निगेटिव्ह 'नीट' केली. मला न विचारता.

चाळीस वर्षं रिटचिंग करतायत. देवीचे व्रण घालवतात, गेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे उघडून देतात. लोक लांबून येतात त्यासाठी. काल दिवसभर बसून पात्यानं पांढरा डोळा खरवडला आणि काळाभोर केला. वर पेन्सिलीनं चमकसुद्धा! पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही.

"चेन्नागिदे, छान झालीय ना? तुझ्यासाठी स्वल्प मेहनत घेतली." इतक्या मायेनं म्हणाले. तरी मी ओरडलेच. शेजारच्या शिंप्यालाही ऐकू गेलं असेल.

"पमी, व्यंग कोणी भिंतीवर लावतं का?"

जेवले नाही.

१० फेब्रुवारी

देवनहळ्ळीला सकवारअक्कांना फोन केला. त्यांच्या शेतावरच्या शेडमध्येच आहे ती घार, जखमी पक्षी त्या सांभाळतात. "सोमवारी म्हैसूरला पाठवायची आहे. उद्याच ये. सरी, चालेल ना?"

उद्या लग्नाची ऑर्डर! बायकांकडचे फोटो मी काढते. अण्णाला सांगितलं, उद्या एकटा जा. "कॅमेऱ्याला हात लावलास तर बघ!"

बघू.

११ फेब्रुवारी, रविवार

लावला हात. सहाची बस.

अक्कांनी तिला ओंडक्यावर बसवलं. "आंधळ्या बाजूनं जाऊ नकोस, दचकते. समोरून जा, बघू दे तिला तुला." शिटेत पालथी पडले, क्लोज-अपचं भिंग लावलं, वीतभर अंतरावर गेले. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? ती हलली नाही. बाराच्या बारा संपवले.

परत आले तर अण्णा दारातच. "उद्यापासून स्टुडिओत पाऊल टाकू नकोस."

१२ फेब्रुवारी

नऊ वाजता टाकलं.

१६ फेब्रुवारी

प्रिंट दिली. चार दिवस नवी निगेटिव्ह पोलक्यात घालून फिरतेय. अप्पांचा भरवसा नाही!

२४ फेब्रुवारी

बक्षीस नाही. पण प्रदर्शनात पोर्ट्रेटच्या भिंतीवर आहे! एका बाजूला कुणीतरी मठाधिपती, दुसरीकडे नवरी. बिंदुमाधवांनी मान फिरवली.

अप्पा एकटेच आले. बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढून पुसला.

"ही दुसरीच दिसते."

"नाही अप्पा. हीच ती."

 

२६ फेब्रुवारी

धारवाडच्या स्थळाला पाठवायचं पाकीट टेबलावर होतं. आतला माझा फोटो काढून घेतला. त्यात माझे ओठ, हनुवटी, सगळं एकसारखं सावळं आहे. अप्पांच्या पात्याची करामत. या वहीत हा शब्द आजवर लिहिला नव्हता — कोड. ओठाच्या कडेपासून मानेपर्यंत. आज दुपारी टायमर लावून माझा मीच फोटो काढला, समोरून, जवळून. तो आत घातला आणि पाकीट पोस्टात टाकून आले.